सांगून सोडायचं होतं

अण्णा, मी सध्या बर्फावर घसरायला शिकवायचं शिकतेय. तुम्ही असता तर हे वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं असतं आणि मग आईकडं बघून म्हणाला असता, "ऐकलंस का, तुजी पोरगी घसरायला समुद्राच्या पल्याड गेलीय. हितं काय कमी घसरत हुती?" आई हसली नसती, तुमच्या विनोदांना ती कधीच हसायची नाही, पण मी हसले असते. तर स्की म्हणतात त्याला. पायात लोखंडासारखे जड बूट घालायचे, त्यांना दोन लांब पट्ट्या अडकवायच्या आणि उतारावरून खाली यायचं. एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय बांधून आडवं यायचं, ते स्नोबोर्ड. आम्हाला दोन्ही शिकावं लागतं, म्हणजे दुसऱ्यांना शिकवण्यापुरतं. न्यूझीलंड हा देश तुम्हाला फक्त क्रिकेटमुळं माहीत. इथं सगळं उलटं आहे, तिकडं श्रावण लागायला आला की इकडचे डोंगर पांढरे होतात. लग्न मोडल्यावर मी इथल्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला आले, हे आईनं तुमच्या फोटोसमोर उभं राहून तुम्हाला सांगितलंच असेल. हॉटेलवाले सुटीच्या दिवशी आम्हाला डोंगरावर फुकट जाऊ देतात, तिथं पडत-धडपडत मी घसरायला शिकले. विहिरीवरच्या त्या दिवसानंतर मी पाण्यात पाय घातलेला नाही. बर्फ म्हणजेही पाणीच, पण ते निदान उभं राहू देतं.

कोर्स सुरू झाला त्या पहिल्या दिवशी आम्हाला काय शिकवलं असेल? पडायला. खरंच, शपथ. कसं पडायचं, कुठल्या अंगावर, हात कुठं ठेवायचे आणि पडल्यावर उठायचं कसं. शिकवणारी मास्तरीण माझ्या भाचीच्या वयाची, नाकावर पांढरं मलम, आवाज मात्र खणखणीत. बाकीचे शिकणारेही सगळे विशीतले, उड्या मारणारे, आणि त्यांच्यात मी चाळिशीला टेकलेली, सोलापूरची. दुपारी स्नोबोर्डवर इतक्या वेळा बुडावर आपटले की रात्री उताणं झोपता येईना. पण मी मनातून खूश होते. वाटलं, घसरणं ह्या पोरांना माझ्याहून चांगलं येत असेल, शिकवणं मात्र मला येतं. ते मी लहानपणापासून बघितलंय. भित्र्या माणसाला पाण्यात कसं उतरवायचं, त्याच्याशी काय बोलायचं, कधी रागवायचं, कधी पाठीवर थाप मारायची, हे मला कुणी पुस्तकातनं सांगायची गरज नाही. माझे अण्णा शिकवायचे.

आता डोळ्यांसमोर तुम्ही आहात. सात रस्त्याजवळच्या ऑफिसात आठवडाभर कारकुनी करणारे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन; आणि रविवारी पहाटे पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून सायकलवर निघालेले तुम्ही. कॅरिअरला डबे बांधलेले, तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, तोंडाला डाग मारून हवाबंद केलेले. मागं आमची वरात, आमच्या बोळातली पोरंपोरी, कुणी डबलसीट, कुणी पळत. कुंभारी गावात तुमच्या ऑफिसातल्या मित्राच्या शेतात ती विहीर. चांगली रुंद, दगडी पायऱ्यांची, हिरव्या पाण्याची. उतरायच्या आधी तुम्ही दर रविवारी तेच सांगायचा आणि आम्ही कंटाळायचो. "माज्या बापाला विहिरीच्या काटावर हुबं ऱ्हाऊ देत नव्हते. वरनं कुणीतरी वंजळीत पाणी वतायचं. माजी पोरं पायरीनं उतरतील, समोरनं, आणि पार तळाला जाऊन येतील." मग एकेकाच्या पाठीला डबा बांधायचा. डब्यानं माणूस तरंगतो, हातपाय मारायला लागतो, चार-सहा रविवारांनी त्याचं त्यालाच जमायला लागतं. आणि मग तुमची ती खास गोष्ट. पोरगं पोहत असताना तुम्ही मागून आवाज न करता जायचा, पाण्याखालीच सरकगाठ ओढायचा आणि डबा काढून घ्यायचा. पोराला पत्ता नाही. ते आपलं डबा आहे समजून पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं, दगडाला हात लावायचं, की काठावरचे सगळे एकदम ओरडायचे, "डबा सुटला! डबा सुटला!" नारळ फुटायचा. त्या पोराला खांद्यावर घेऊन तुम्ही पायऱ्या चढायचा.

का नाही सांगत, असं कुणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं. "सांगितलं की माणूस पाटीकडं बगतंय. पाटीकडं बगितलं की बुडतंय. न्हाय सांगायचं." माझा डबा सुटला तो दिवस मला अजून अंगावर आठवतो. दगडाचा खरखरीतपणा तळहाताला लागला, वरून ओरडा झाला, मी पाठीमागं हात नेला तर नुसतं पाणी. भीती वाटायच्या आधीच मला हसू फुटलं. तुमच्या डोक्यावर तो डबा धरलेला, तुम्ही माझ्याहून जास्त हसताय. आयुष्यात पुढं बरंच काही झालं, चांगलंही झालं, पण तसं काही झालं नाही. मला सांगितलं असतं तर मी गेले नसते, किंवा गेले असते ती मध्येच बुडाले असते. हे मी किती जणांना किती वेळा सांगितलंय. तुम्ही बरोबर होता याचा पुरावा म्हणजे मी, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललेय.

शेजारच्या काकूंची मुलगी. तिचं नाव मला इथंही लिहवत नाही. माझ्याच वर्गात होती, माझ्याच बाकावर. तिला विहिरीवर आणायला मीच काकूंच्या मागं लागले होते असं नाही, काकूंनीच तुम्हाला सांगितलं, "भावजी, हिलाबी शिकवा की, घरात बसून बसून भित्री झालीय." उन्हाळा होता, पाणी जरा खाली गेलेलं. तिचा तो डब्याचा शेवटचा रविवार असणार हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं, तिला सोडून. मी वरच्या पायरीवर नारळ मांडीत घेऊन बसलेय. ती छान चाललीय, मान वर, तोंड गच्च मिटलेलं. तुम्ही मागं. गाठ सुटली, डबा तुमच्या हातात आला, ती पुढं गेली. अख्खी विहीर ओलांडली तिनं, अण्णा. दगडाला हात लावला. आणि आम्ही ओरडलो, माझा आवाज सगळ्यात मोठा. ती वळली, तुमच्या हातातला डबा बघितला, आणि भिंत सोडून दोन्ही हात तिनं पाठीमागं नेले. तिला पोहता येत होतं. त्या क्षणापर्यंत येत होतं. मग येईनासं झालं.

तुम्ही डबा तिच्याकडं फेकला, तो तिच्या हाताशी पडला, तिनं बघितला नाही. तुम्ही गेलात तर तिनं तुमच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं खाली गेलात. वर एकटे आलात. पुन्हा खाली गेलात, पुन्हा एकटे, पुन्हा. शेवटी तुम्हाला शेतातल्या दोघा गड्यांनी धरून बाहेर ओढलं तेव्हा तुमच्या नाकातून रक्त येत होतं आणि तुम्ही त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत होता. मी तुमच्या तोंडून शिव्या पहिल्यांदाच ऐकल्या. मोटार लावून विहीर उपसली. पाणी जसजसं खाली गेलं तसतसा डबाही खाली गेला आणि शेवटी गाळात बसला. ती कपारीत अडकलेली होती. काकू तोवर रिक्षानं आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत आधी, तुमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगून सोडायचं हुतं की ओ भावजी. नुसतं सांगायचं तरी हुतं." पोलिसांनी अपघात लिहून घेतला. तुमच्या मित्राच्या भावांनी त्याच महिन्यात विहिरीच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकल्या, आणि आता तर ती बुजवलीच म्हणे.

त्यानंतर आपण तिथंच राहिलो, तेच घर, तीच सामायिक भिंत. काकू पलीकडं भाकरी थापायच्या तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. शाळेत पोरी काहीबाही बोलायच्या, मी भांडायचे, एकीचे केस उपटले होते. माझे अण्णा बरोबर होते, ती घाबरली त्याला ते काय करणार? मला न सांगताच सोडलं, मी मेले का? हे मी तावातावानं बोलायचे, पण तुमच्याशी कधी नाही. दहावीत होते तेव्हा एकदाच विचारलं. चुलीसमोर आपण जेवत होतो. मी म्हटलं, "अण्णा, सांगून सोडलं असतं तर?" आई माझ्याकडं बघतच राहिली. तुमच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तुम्ही ताटात ठेवलात, ताटातच हात धुतलात आणि म्हणालात, "उठतो हां." आणि उठलात. जेवण अर्धं टाकलेलं मी तुम्हाला त्या एकाच दिवशी बघितलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

ते "हां" मात्र घरभर असायचं. कधी सुरू झालं ते आठवत नाही, त्या वर्षातच केव्हातरी. दार लावायच्या आधी "दार लावतो हां." दिवा घालवायच्या आधी "लाइट घालवतो हां." सायकल थांबवताना, नळ बंद करताना, माझं बोट सोडून रस्त्याच्या पलीकडं जाताना. ऑफिसातले लोक म्हणे तुमची नक्कल करायचे, "साहेब, शिक्का मारतो हां." मीही करायचे, अगदी तुमच्या देखत. तुम्ही रागवायचा नाही. आई म्हणायची, "सारखं काय सांगताय ओ, दिसतंय की आमाला." मला वाटायचं, म्हातारपण लवकर आलंय, दुसरं काय. गेलात मात्र काही न सांगता. दुपारी जेवून खुर्चीत टेकलात आणि आईनं चहाला उठवलं तर उठला नाहीत.

यंदा मे महिन्यात, कोर्सच्या आधी, घरी जाऊन आले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, पाणी चार-पाच दिवसांआड. निघायच्या दिवशी काकू आल्या. आता कमरेतून वाकल्यात, पण डोळे तसेच. त्यांनी शेंगांची चटणी कुटून बरणीतून आणली होती आणि कडक भाकऱ्यांची चवड, फडक्यात बांधून. "तितं काय खातीस काय म्हाईत. टिकतंय हे." मग विचारलं, तिकडं नवीन काय करणार आहेस. मी म्हटलं, बर्फावर घसरायला शिकवणार, काकू. त्यांनी पदर सारखा केला. "शिकवणार व्हय," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मला त्या क्षणी त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. विमानतळावरच्या साहेबानं ती चटणी उघडून हुंगली आणि शिंकला. ती मी इथं पावावर घालून रोज थोडी थोडी खातेय.

आता खरी गोष्ट. कोर्समध्ये आम्हाला खऱ्या नवशिक्यांना शिकवून दाखवावं लागतं. मी माझ्याबरोबर खोल्या आवरणारी फिलिपिन्सची बाई नेली, बर्फावर कधी उभी न राहिलेली. शिकवायची रीत अशी की आपण तिच्या समोर, तोंड तिच्याकडं करून, उलटं घसरत जायचं आणि तिचे दोन्ही हात धरायचे. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, म्हणजे वेग मरतो. मी तिला म्हणत होते, "पायाकडं बघू नको, माझ्या तोंडाकडं बघ." ती बघत होती. हळूहळू तिच्या हातांचा भार माझ्या तळव्यांवरून कमी झाला, कमी झाला आणि मग राहिलाच नाही. तो भार गेलेला मला जसा कळला तशी माझी बोटं उघडली. मी ठरवलं नव्हतं, अण्णा. मी मागं मागं जात राहिले, ती आपली आपण येत होती, हसत होती, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्यानं, मराठीत, "डबा सुटला!" तिला काय कळणार? ती दचकली, खाली बघितलं, रिकामे हात दिसले. किंचाळली, मागं बसली आणि एक पाय तिच्याखाली मुडपला. नारिंगी घसरगाडीवर बांधून तिला खाली नेलं. गुडघ्यातलं काहीतरी तुटलंय. संध्याकाळी मी तिच्याकडं गेले तर पाय उशीवर ठेवून पडली होती. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "तू मला सांगितलं का नाहीस?" तिच्या वाटच्या खोल्या आता मी आवरते.

दुसऱ्या दिवशी मास्तरणीनं मला बाजूला घेतलं. हात सोडण्याआधी सांगायचं, म्हणाली, प्रत्येक वेळी. समोरचा नको म्हणाला तर सोडायचं नाही, बस्स. आपल्याला कोण धरून आहे आणि कोण नाही, हे शिकणाऱ्याला माहीत पाहिजे, ते त्याचं आहे, आपलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडं न सांगताच सोडतात, माझे वडील तसंच पोहायला शिकवायचे. तिनं खरोखरच कुतूहलानं विचारलं, "आणि सगळे शिकले?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे." मग तिनं सांगितलं की ती आणखी एक संधी देईल, स्वतः उभी राहून बघेल, आणि मी पुन्हा तसंच केलं तर मला कोर्स सोडावा लागेल. मला इतका राग आला की काय सांगू! ती चिमुरडी, तिचा आजा विहिरीपासून लांब, उन्हात ओंजळ पसरून थांबला होता का? पण राग तिचा नव्हता. सांगायचं, एवढाच तर नियम. तो मानला की कोर्स राहतो, आणि तो मानला की विहिरीवर काकू बरोबर होत्या आणि तुम्ही चुकला होता. इतकी वर्षं मी उलटं भांडत आले. आठवडाभर मी सकाळी बूट चढवायचे आणि वाटायचं, काढून ठेवावेत, चादरी घालायचं काम काही वाईट नाही.

पण आज गेले. हॉटेलची गाडी चालवतो तो माणूस आला होता, चांगला धिप्पाड, आणि भीतीनं पांढरा पडलेला. त्यानं माझे हात इतके आवळले की बोटं बधिर झाली. मास्तरीण बाजूला हाताची घडी घालून उभी. आम्ही निघालो. एक वळण, दुसरं वळण. भार कमी झाला, मग गेला. आता सांगायचं. आणि इंग्रजी काही केल्या सुचेना, एक शब्द नाही. तोंडून आलं ते, "सोडते हां." तुमचा आवाज होता तो, अण्णा. तोच "हां", शेवटी जरासा वर गेलेला, दार लावायच्या आधीचा, दिवा घालवायच्या आधीचा. मी नक्कल करायचे तोच. तो सूर तोंडातून निघाला आणि मला कळलं तुम्ही इतकी वर्षं घरभर काय करत होता. मी निकाल द्यायच्या कितीतरी आधी तुम्ही स्वतःविरुद्ध निकाल देऊन बसला होता, आणि मी वेडी तुमच्या वतीनं तुमच्याशीच भांडत होते. त्या माणसाला मराठी येत नाही, पण त्याला समजलं. त्यानं मान हलवली. मी हात सोडले.

हे पत्र खरं म्हणजे काकूंना लिहायला हवं होतं. त्यांना वाचून दाखवायला कुणीतरी मिळालं असतं. पण तुम्हाला लिहिणं सोपं, म्हणून तुम्हाला लिहिलं, आणि आता घडी करून ठेवते, चटणी संपली की त्या बरणीत घालीन. एक गोष्ट मात्र राहिली. हात सोडले तेव्हा तो पडावा असं मला वाटलं. मनापासून वाटलं. सांगूनही माणूस पडतं, एवढं एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं असतं तर तुमच्यासाठी माझ्याकडं बोलायला काहीतरी उरलं असतं. तो पडला नाही. अगदी खालपर्यंत गेला, तळाला ताणलेल्या दोरीपाशी थांबला, आणि वळून हसत हसत मला हात करत राहिला. मी त्याला हात केला नाही.